खिशातला ओळंबा

साल एकोणीसशे शहात्तर. मी एकोणीस वर्षांचा होतो. चौथीत दोनदा नापास होऊन शाळा सुटली ती सुटलीच, पण दगड बसवण्यात भोर तालुक्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. आता सत्तरीला टेकलो, गुडघे गेले, तरी हे वाक्य मी खोडणार नाही. खरं ते खरं. आणि माझं सगळं नुकसान ह्या खऱ्यापायीच झालं, ते ह्या प्रकरणात सांगायचं आहे.

सांगायचं कारण असं, की गेल्या महिन्यात आमच्या चर्चचे नवे पाळकसाहेब, वयानं माझ्या नातवाएवढे, माईक धरून सौम्यतेवर तासभर बोलले. घरात सौम्य राहा, भावाशी सौम्य राहा, बोलण्यात सौम्य राहा. मी मधेच उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, करा करा म्हणू नका. कशी करायची ते सांगा." सून माझा सदरा ओढून मला खाली बसवत होती. उपासना सुटल्यावर साहेब हसत जवळ आले. "आजोबा, मला अजून जमत नाही. तुम्हाला जमत असेल तर लिहून द्या." आता मला तरी कुठं जमते? सगळ्या जन्मात एकदा केली, ती पण वेळ निघून गेल्यावर. तेवढी लिहितो.

आमची वस्ती आंबवड्याच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला. ख्रिस्ती घरं सात. बाकी गाव शेतकऱ्यांचं. त्यांच्या सणाला आम्ही, आमच्या नाताळाला ते, असं येणं-जाणं. माझे वडील याकोब मिस्त्री, गवंडी. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघं भाऊ, थोरला प्रभाकरदादा आणि धाकटा मी, शमुवेल. घराला दोन आवाज होते. झुंजूमुंजू झालं की आईचं जातं सुरू व्हायचं, आणि त्या घरघरीत ती दळता दळता गायची ती मंडळीतली, म्हणजे आमच्या सात घरांच्या उपासनेतली, गाणी. दिवस वर आला की जातं थांबायचं आणि अंगणात आमच्या छिन्न्या सुरू व्हायच्या. शेजारची रूथमावशी म्हणायची, सगुणाच्या घरात घड्याळ कशाला पाहिजे. जेवायला नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कधी सुकट. तांदळाची भाकरी मात्र फार करून एकाच कामाला व्हायची, प्रभुभोजनाला.

हे जरा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे. पाळकसाहेब पुण्याहून तीन महिन्यांतून एकदा यायचे आणि त्या रविवारी प्रभुभोजन व्हायचं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. बाकी ठिकाणी त्याला काय काय वापरतात मला ठाऊक नाही. आमच्या मंडळीत मनुका भिजवून त्याचा रस काढायचे आणि तांदळाची भाकरी मोडायचे. भाकरीची पाळी असायची. सात घरं, ओळीनं एकेकाची. आणि आमच्या जुन्या माणसांनी एक रीत घातली होती. भाकरी मोडायच्या आधी सगळ्यांनी उभं राहून एकमेकाला हात द्यायचा आणि सलाम म्हणायचं. ज्या घरातली दोन माणसं एकमेकाला हात देत नाहीत त्या घरानं भाकरी करायची नाही, आणि दुसऱ्या घरची खायची पण नाही. बसून राहायचं. पुढच्या प्रभुभोजनापर्यंत तीन महिने. मी लहानपणी एका नवरा-बायकोला असं बसलेलं बघितलं होतं. ताट त्यांच्यापुढून निघून गेलं तेव्हा त्या बाईचं तोंड कसं झालं होतं ते मला अजून दिसतं.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. अंगानं थोराड, बोलायला कमी, हाताला सावकाश. हातोडा कसा धरायचा हे मला बाबांनी नाही, दादानं शिकवलं. मी चौदा-पंधरा वर्षांचा झालो आणि माझा हात त्याच्यापुढं जायला लागला, तेव्हा एके दिवशी तो बाबांना म्हणाला, "कोपरा शमू बसवंल. त्येचा चांगला बसतो." कोपऱ्याचा दगड बसवणं म्हणजे गवंड्याचा मान. तो त्यानं मला असा देऊन टाकला, पाण्याचा तांब्या द्यावा तसा. मला वाटलं, त्याला येत नाही म्हणून दिला. पुष्कळ वर्षं मला तसंच वाटत होतं.

त्या वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली. पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेली. त्यांनी पोट उघडलं, बघितलं, परत शिवलं, आणि घरी न्या म्हणाले. माघाचा महिना होता. जातं बंद झालं. आईचं अंग दिवसाला आटत होतं, पेजेशिवाय काही जात नव्हतं, पण डोकं स्वच्छ होतं. तिनं एकच मागितलं. मंडळीसाठी ओढ्याच्या वरच्या अंगाला आम्ही देऊळ बांधायला घेतलं होतं, दगडमातीचं, चार भिंती आणि वर पत्रा. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. तीन भिंती उभ्या होत्या. पुढच्या प्रभुभोजनाला भाकरीची पाळी आमच्याच घरची होती. आई म्हणाली, "माज्या हातानं मळीन, आन् माज्या देवळात बसून खाईन. मंग काय व्हायचं त्ये व्हऊ द्या."

मी तेव्हा भोरला एका कामावर आठ दिवस अडकलो होतो. दादानं चौथी भिंत एकट्यानं धरली. शनिवारी दुपारी मी एसटीनं उतरलो तर तो वरचा थर चढवत होता. सातही घरची माणसं राबत होती, बायका घमेल्यानं माती देत होत्या, आईला बाजेवर घालून आंब्याच्या सावलीत आणून ठेवलं होतं. "आला गं माजा कारागीर," ती म्हणाली. मी तिच्याकडं नीट बघितलं पण नाही. मी भिंत बघत होतो. मधोमध पोट सुटलं होतं. साध्या माणसाला दिसलं नसतं, पण मला ओढ्यापासूनच दिसलं.

"दादा, ओळंबा लावलावतास का?"

"लावला की. आज जरा घाई झाली. दोन बोटं इकडंतिकडं आसंल. गिलाव्यात झाकून जाईल."

"देवाच्या घरात झाकतोस व्हय?"

कुणीतरी हसलं. ते हसू माझ्या डोक्यात गेलं. मी भिंतीवर चढलो आणि पिशवीतून ओळंबा काढला. दोरीला बांधलेला पितळेचा जड गोळा असतो, तो वरून सोडला की भिंतीचं सगळं खरंखोटं बाहेर येतं. मी तो सोडला आणि हाक दिली, "या, बगा समदी! थोरल्या मिस्तरीचं काम बगा. भिंत हाय का गाभण म्हस?"

आता जास्त माणसं हसली. बायकासुद्धा पदर तोंडाला लावून. दादा खाली उभा होता. तो हळूच म्हणाला, "शमू, आई बगतीया. सांजच्याला बोलू."

मी पहार घेतली. दादानं आठ दिवस चढवलेली भिंत पडायला घटकाभर पण लागली नाही. छातीएवढी राहिली, बाकी धबाधबा खाली आली, आणि धुरळा उडाला तो वाऱ्यानं आईच्या बाजेवर गेला. रूथमावशी धावत जाऊन तिच्या तोंडावर पदर धरून उभी राहिली. दादानं थापी धोतराला पुसली, उरलेल्या भिंतीवर ठेवली, आणि मार्थावहिनीला म्हणाला, "चल." एवढंच. संध्याकाळच्या एसटीनं ती दोघं वेल्ह्याला वहिनीच्या माहेरी निघून गेली.

त्या दिवशी दिवेलागणीला आईनं मला बोलावलं. "भिंत वाकडी व्हती?"

"व्हय."

"म्हंजी तू खरा."

"व्हय."

"बरं झालं," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

प्रभुभोजनाला तीन आठवडे होते. रोज सकाळी मी तिला पेज द्यायला गेलो की ती विचारायची, "गेला न्हाईस?" आणि मी म्हणायचो, "काम हाय." काम कसलं? त्या तीन आठवड्यांत मी एक दगड सरळ बसवला नाही. तीनदा चप्पल घालून फाट्यावर गेलो. एसटी यायची, दार उघडायचं, आणि माझे पाय तिथंच रुतायचे. दुसऱ्या खेपेला कंडक्टर ओरडला, "चढतोस का वाजतगाजत न्हेऊ?" मी मान खाली घालून परत आलो. घरात आल्यावर आईचा श्वास ऐकू यायचा. मला तिच्यासाठी पाहिजे ते करायचं होतं. कुणी म्हणालं असतं की पाण्यात उडी मार, तर मारली असती. पण भावाला जाऊन माझं चुकलं म्हण, हे होत नव्हतं, कारण माझं चुकलं नव्हतं. भिंत वाकडीच होती. रोज रात्री अंथरुणात मी ती भिंत परत मोजायचो आणि रोज ती वाकडीच निघायची.

दादा मधे एकदा येऊन गेला. माझी चप्पल दारात नाही असं बघून आला, आईचे पाय चेपले, तिच्याशी बोलला, आणि मी यायच्या आत गेला. बाबा त्याला म्हणाले, ऱ्हा. तो म्हणाला, "माज्या मनात काय न्हाई बाबा. पन त्यानं बोलवल्याबिगर आलो तर तो म्हनंल, वाकडं काम केलं म्हनून आला गपचूप." म्हणजे ताठा त्यालाही होता. एकाच आईची पोरं आम्ही.

एका संध्याकाळी बाबा विडी ओढत पडक्या भिंतीपाशी उभे होते. मी जवळ गेलो. ते म्हणाले, "पडली नसती रं. दोन बोटं म्हंजी काय? म्या आयुष्यभर तसल्या भिंती बांदल्या. उभ्या हायत."

"मंग त्या दिवशी का न्हाई बोलला?"

"तू कुनाला इचारलंवतंस?"

शनिवार आला. उद्या प्रभुभोजन. आईनं रूथमावशीकडून तांदूळ दळून आणले होते आणि पिठाची पाटी पांढऱ्या फडक्यानं झाकून बाजेशेजारी ठेवली होती. मला म्हणाली, "आज गेलास तर सांजच्याला दोगं येशीला. मी सकाळी मळीन." तिच्या हाताकडं बघितलं. त्या हातानं तांब्या उचलत नव्हता. मी उठलो आणि निघालो. निघताना खुंटीवरचा ओळंबा घेतला आणि लेंग्याच्या खिशात घातला.

का घेतला? पन्नास वर्षं झाली, मला धड सांगता येत नाही. मनात असं होतं की आधी माफी मागू, आणि जर का तो म्हणाला भिंत सरळ होती, तर मग... तर मग काय? भिंत तर मीच पाडली होती. मोजणार काय होतो? पण हाताला सवय होती, आणि मनाला हत्याराशिवाय जायचं नव्हतं.

नसरापूर फाट्याला गाडी बदलून वेल्ह्याला पोचायला दुपार झाली. ऊन चढलं होतं, तोरणा धुरकटलेला दिसत होता. दादा सासऱ्याच्या गोठ्याची भिंत बांधत होता. सासरे तात्या, दारात सुपारी कातरत बसलेले. मला बघून म्हणाले, "या पावणं. आमची बी भिंत पाडायला आला का?" वाटेत सगळं पाठ केलं होतं. दादापुढं जाऊन उभा राहिलो आणि म्हणून टाकलं, "दादा, माजं चुकलं. समद्यांच्या पुढं तसं बोलाया नको व्हतं. आईची पाळी हाय उद्या. चल घरी."

दादानं हातातला दगड खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं मातीचे हात धोतराला पुसले आणि उजवा हात पुढं केला. मधे दगडाचा ढीग होता. मी तो ओलांडायला पाय उचलला, आणि खिशातला ओळंबा घसरून दगडावर पडला. पितळेचा आवाज झाला, ठण्णकन. तो दगडावरून गडगडत दादाच्या पायाशी गेला.

दादाचा हात तसाच हवेत राहिला. मग खाली गेला.

"ह्यो कशाला आनला?"

मला खोटं बोलता आलं असतं. कामावरून परस्पर आलो म्हणालो असतो, तर त्यानं मानलं असतं, त्याला मानायचंच होतं. पण मी खरं बोलणारा. "तू भिंत सरळ व्हती म्हनला आसतास तर," मी म्हणालो.

"तर मोजून दावनार व्हतास."

आणि त्याच वेळी, देवा, माझी नजर त्या गोठ्याच्या भिंतीवर गेली. आपोआप गेली. त्यानं ते बघितलं.

तो वाकला. ओळंबा उचलला, त्याची धूळ पुसली, दोरी नीट गुंडाळली आणि माझ्या तळहातावर ठेवला. "घिऊन जा. तुज्या कामाची चीज हाय." आणि पाठ करून दगड उचलायला लागला. तात्यांनी पहिल्यांदाच सुपारी कातरणं थांबवलं. मी रस्त्याला लागलो तर मागून वहिनी पळत आली. फडक्यात दोन भाकरी होत्या. "आईंना काय सांगनार?" म्हणाली. मी म्हणालो, "काय सांगू?" तिला रडू आलं. तिनं ते फडकं माझ्या हातात कोंबलं आणि परत गेली. त्या भाकरी मी गाडीत खाल्ल्या नाहीत. घरी पण आणल्या नाहीत. फाट्यावर एका कुत्र्याला घातल्या.

घरी आलो तेव्हा आई बाजेवर उठून बसली होती. कुणाच्या तरी आधारानं केस विंचरून घेतले होते. माझ्या मागं दाराकडं बघत राहिली.

"दिला हात?"

"न्हाई."

खाली वाकून तिनं पाटीवरचं फडकं चारी बाजूंनी खोचलं.

रविवारी देवळात छप्पर नव्हतं म्हणून उपासना आमच्या पडवीतच झाली. भाकरी रूथमावशीच्या घरून आली. मनुकांच्या रसाचा वास पडवीभर पसरला होता. पाळकसाहेबांना सगळं समजलं होतं. फार मऊ माणूस. सगळे हात देऊन बसले तेव्हा ते ताट घेऊन सरळ आईच्या बाजेपाशी आले. "सगुणाबाई, हा नियम मंडळीचा आहे, प्रभूचा नाही. तुम्ही घ्या. मी सांगतो."

आई म्हणाली, "साहेब, तुमी उद्या पुन्याला जाल. मला हितंच माज्या पोरांत ऱ्हायचंय."

मला राहवलं नाही. सगळ्यांपुढं मी तिच्या बाजेपाशी गुडघ्यावर पडलो. "आये, घे गं. भांडान माजं हाय. तुजा काय संबंध? घे, मी पाया पडतो."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला वजन नव्हतं. "दोगं माज्याच पोटातनं आलाव न्हवं?" म्हणाली. "मंग कसं घिऊ एकटी?"

ताट पुढं गेलं. आई त्याच्याकडं बघत होती. लहान पोर बघतं तसं. ओठांवरून जीभ फिरवली आणि डोळे मिटले. माझा हट्ट कुठून आला असं लोक विचारतात. तिथून आला. फरक एवढाच, की तिच्या हट्टात ती स्वतः उपाशी राहिली, आणि माझ्या हट्टात पण तीच उपाशी राहिली.

गुरुवारी भरदुपारी ती गेली. मी शेजारी होतो. शेवटचं काही बोलली नाही. लोक लिहितात की मरताना अमुक म्हणाले, तमुक म्हणाले. माझ्या आईनं पाणी मागितलं, ते पण गिळलं नाही.

शुक्रवारी माती. दादा आणि वहिनी सकाळच्या पहिल्या गाडीनं आले. दादा आईच्या पायाशी बसला तो उठला नाही. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही, मी त्याच्याकडं बघितलं नाही. पाळकसाहेब पुण्याहून आले. पेटी उचलली तेव्हा पुढं आम्ही दोघं, डाव्या-उजव्या खांद्याला. इतकी हलकी होती की मला वाटलं आत कुणी नाहीच.

आमच्यात पेटी खड्ड्यात सोडतात ती दोन दोरांवर. एक डोक्याकडं, एक पायाकडं. प्रत्येक दोराला दोन्ही कडांना एकेक माणूस. पायाकडं बाबा आणि रूथमावशीचा मालक. डोक्याकडं ह्या कडेला मी, त्या कडेला दादा. मधे खड्डा. बाबा म्हणाले, "जपून." आम्ही दोर सैल करायला लागलो. दादाच्या हातून दोर जास्त सुटत होता. त्याची बाजू खाली चालली, माझी वर राहिली. पेटी कलंडायला लागली. चार बोटं. पाच बोटं. आतून एक बारीक आवाज आला, आई एका कडेला सरकली असेल त्याचा.

माझं तोंड उघडलं होतं. "दादा, वर घे, तुजी बाजू खाली गेली," हे शब्द जिभेवर होते. खरे होते. सगळ्यांना दिसत होतं कोणाची बाजू गेली. आणि ते शब्द मी गिळले. आयुष्यात तोपर्यंत कधी काही गिळलं नव्हतं, ते इतकं जड असतं हे ठाऊक नव्हतं. मी माझा दोर सैल सोडला. माझी बाजू खाली घेतली, त्याच्या बाजूएवढी. पेटी बरोबर झाली. दादानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग त्याचा दोर सुटला तसा मी माझा सोडत गेलो. तो थांबला की मी थांबलो. पेटी तळाला टेकली तेव्हा तो म्हणाला, "सोड आता." मी सोडला.

मी सांगितलं ना, एकदाच केली आणि वेळ गेल्यावर. लोकांना वाटतं सौम्यता म्हणजे गोड बोलणं. माझा घसा दोन दिवस दुखत होता.

त्या रात्री दादा-वहिनी घरातच राहिले. रूथमावशीनं पेज आणली, ती तशीच गार झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती छिन्नीच्या आवाजानं. मी उठून बाहेर आलो. आवाज ओढ्याच्या वरच्या अंगाकडून येत होता. कालच माती दिलेली, आज कामाला हात लावायचा नसतो, शेजारच्या बायका दारात उभ्या राहून कुजबुजत होत्या. मी वर गेलो. दादा पडक्या भिंतीपाशी एकटा होता. खाली पडलेले दगड त्यानं ओळीनं लावले होते आणि उरलेल्या भिंतीवर पहिला थर धरत होता. मी उभा राहिलो.

"बिगारी पायजे का?" मी म्हणालो.

तो दगड ठोकत राहिला. मग पायानं घमेलं माझ्याकडं सारलं. मी ओढ्यावरून पाणी आणलं, माती भिजवली, पायानं तुडवली, घमेल्यात भरून त्याच्या हाताशी ठेवली. तो दगड मागायचा तो मी द्यायचो. कोपऱ्याचा आला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तो उचलला आणि त्याच्याच हातात दिला. दोन थर झाले. ऊन वर आलं. मी भिंतीकडं एकदाही मोजून बघितलं नाही. बघायला नजर ओढत होती, तरी मातीतच ठेवली.

तिसऱ्या थराला दादा थांबला. "ओळंबा?"

"घरी हाय."

"जा, घिऊन ये."

मी गेलो. पळतच गेलो. घरात बाबा आईच्या रिकाम्या बाजेपाशी बसले होते. ओळंबा वर खुंटीला होता, आणि बरोबर त्याच्या खाली पिठाची पाटी, चारी बाजूंनी खोचलेल्या फडक्यासकट. मी हात वर केला.

"कुनाला?" बाबा म्हणाले.

"दादानं मागितलाय."

बाबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. मी ओळंबा काढला आणि परत वर गेलो. दादा भिंतीवर वाकला होता. माझी चाहूल लागली तसा त्यानं न बघता हात मागं केला. मी त्या हातावर ओळंबा ठेवला. त्याची बोटं मिटली तेव्हा माझी दोन बोटं आत होती. त्यानं ती लगेच सोडली नाहीत. मग तो भिंतीवर चढला आणि ओळंबा त्यानं स्वतः सोडला. मी वर बघितलं नाही. खाली बसून पुढच्या घमेल्याची माती कालवायला लागलो.